‘डबल बोन’ पिल्लू, सैल खुबा आणि वजनकाटा

लॅब्रॅडॉरचं पिल्लू घ्यायला गेलं की ‘डबल बोन’ हा शब्द कानावर पडतोच. जाड पंजे, रुंद छाती, दोन महिन्यांचं पोर पण हातात घेतलं तर धोंड्यासारखं जड. हाडं कुणाचीच दुप्पट नसतात. याचा अर्थ एवढाच की पिल्लू जड वाणाचं आहे किंवा त्याला दाबून खायला घातलंय, आणि बहुधा दोन्ही. खुब्याच्या सांध्याच्या दृष्टीने बघाल तर विकणारा ज्याची जाहिरात करतोय तो इशारा आहे.

खुबा हा उखळी सांधा. कमरेच्या हाडात वाटी, तिच्यात बसणारा मांडीच्या हाडाचा गोळा. हा गोळा वाटीत नीट न बसण्याचा दोष म्हणजे हिप डिस्प्लेशिया. तो होणाऱ्या पिल्लाचाही सांधा जन्मताना साधारण ठीकच असतो. आईबापांकडून येतो तो सैलपणा. सांध्याभोवतीचे बंध ढिले असले की पिल्लू चालायला लागल्यावर गोळा वाटीतून किंचित किंचित बाहेर सरकतो. या वयात वाटीची कड कूर्चेची, मऊ. गोळा तळावर नीट टेकण्याऐवजी दर पावलाला कडेवर दाब देतो, कड बोथट होते, वाटी उथळ होते आणि उथळ वाटीत गोळा आणखी सरकतो. पाच-सहा महिन्यांत वाटीचा आकार बराचसा ठरून जातो. त्यानंतर शरीर त्या बेढब सांध्याला सांभाळून घ्यायला जादा हाड घालतं, तोच पुढचा संधिवात.

सैलपणा वारशाने येतो, पण त्या सैल सांध्यावर रोज किती भार टाकायचा हे वाडगं भरणाऱ्याच्या हातात असतं. एक्स-रेवर दिसणाऱ्या डिस्प्लेशियात वारशाचा वाटा वेगवेगळ्या जातींत साधारण 20 ते 40 टक्क्यांच्या आसपास मोजला गेला आहे. उरलेला भाग वजन, खाणं, फरशी, जिने, खेळ यांचा.

आईबापांचे कागद

हा आजार एका जनुकाचा नाही. अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. त्यामुळे ‘डीएनए टेस्ट क्लिअर’ असं कुणी हिप्सबद्दल सांगितलं तर त्यावर विसंबू नका. आईबाप दोघांचेही सांधे चांगले असले तरी एखाद्या पिल्लात दोष येतो, आणि एक्स-रे न काढलेल्या जोडीची पिल्लंही कधी कधी छान निघतात. आपण बघायची ती शक्यता. ती नीट बघायची तर नुसते आईबाप पुरत नाहीत. आजी-आजोबा, आईबापांची भावंडं आणि याच जोडीच्या आधीच्या वेतातली पिल्लं काय सांगतात ते जास्त बोलकं असतं. एकटा चांगला बाप हा नशिबाचा भाग असू शकतो, सात चांगली भावंडं हा सहसा नशिबाचा भाग नसतो.

केनेल क्लब ऑफ इंडियाचा नोंदणीचा कागद वंश सांगतो. नुसता तो कागद म्हणजे खुब्याचा दाखला नव्हे, आणि ही गफलत फार होते. खुब्याची प्रतवारी वेगळी असते. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या पद्धतीत ए ते ई अशा पाच पायऱ्या आहेत, ए आणि बी ठीक, सी सौम्य दोष, डी आणि ई नको. जर्मनीतून आलेल्या जर्मन शेफर्डच्या वंशावळीत ‘ए’ शिक्का असतो, शिवाय खुब्याचा प्रजननमूल्यांक, म्हणजे पिल्लांत दोष उतरण्याच्या शक्यतेचा आकडा असतो. त्याची सरासरी 100 धरतात आणि आकडा जितका कमी तितकं चांगलं. अमेरिकेतली ओएफए (1966 साली सुरू झालेली संस्था) कायमचा दाखला 24 महिने पूर्ण झाल्यावरच देते. म्हणजे दीड वर्षाच्या मादीला ‘ओएफए एक्सलंट’ आहे असं कुणी म्हणालं तर तो अंतिम दाखला नाही, हे लगेच कळतं.

ब्रीडरला विचारायचं ते असं: दोघांचे एक्स-रे कोणत्या वयात काढले, प्रत काय आली, फिल्म बघायला मिळेल का? ‘आमच्याकडे कधीच प्रॉब्लेम आला नाही’ हे उत्तर म्हणजे बहुधा कुणी बघितलंच नाही. डिस्प्लेशिया असलेला नर तीन-चार वर्षांचा होईपर्यंत उड्या मारताना दिसू शकतो. बघून काही कळत नाही.

मोठ्या जातींनाच हे होतं असंही नाही. आपल्याकडे फ्लॅटमधला लाडका असलेला पग या बाबतीत वाईट जातींपैकी एक आहे. अंगाने हलका असल्याने तो ते खपवून नेतो, एवढंच. ग्रेहाउंडमध्ये मात्र हा आजार क्वचितच. त्याचे सांधे घट्ट आणि मांड्यांना भरपूर स्नायू.

वाडगं

या विषयावरचा सगळ्यात उपयोगी प्रयोग लॅब्रॅडॉरवरच झाला. 48 पिल्लं, एकाच वेताच्या जोड्या लावलेल्या. जोडीतलं एक जितकं खाई त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला दिलं. बाकी सगळं सारखं. दोन वर्षांनी एक्स-रे काढले तेव्हा पोटभर खाणाऱ्या 24 पैकी 16 जणांना डिस्प्लेशिया होता, पाऊणपट खाणाऱ्या 24 पैकी 7 जणांना. आईबाप तेच. पुढे हीच कुत्री मरेपर्यंत पाहिली गेली: मध्यमान आयुष्य 11.2 वर्षं विरुद्ध 13 वर्षं. खुब्यासाठी आणि आयुष्यासाठी एवढा फरक पाडणारं दुसरं औषध माझ्या माहितीत नाही, आणि यात वर पैसे वाचतात.

आता आकडेमोड. विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा म्हणजे 70 गुणिले वजनाचा पाऊण घात. साध्या कॅल्क्युलेटरवर: वजन स्वतःशीच गुणून घन काढा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, आलेल्याला 70 ने गुणा. चार महिन्यांपर्यंत याच्या तिप्पट, त्यानंतर साधारण दुप्पट.

दहा किलोचं तीन महिन्यांचं पिल्लू घ्या. 1000, मग 31.6, मग 5.62, गुणिले 70 म्हणजे 394. तिप्पट म्हणजे जवळपास 1180 कॅलरी (पाकिटावरची किलोकॅलरी ती हीच). किलोला 3700 कॅलरी असलेलं खाणं दिलंत तर दिवसाला सुमारे 320 ग्रॅम. तेच पिल्लू चार महिने ओलांडून 16 किलोचं झालं: पाऊण घात बरोबर 8, गुणिले 70 म्हणजे 560, दुप्पट 1120, म्हणजे 300 ग्रॅम. वजन सहा किलोने वाढलं आणि खाणं वीस ग्रॅमने कमी झालं! इथेच बहुतेकांचं गणित फसतं. पिल्लू वाढतंय म्हणून वाडगंही वाढवत जातात आणि पाचव्या महिन्यात गुबगुबीत, सगळ्यांना आवडणारं, वाईट सांध्यांचं कुत्रं तयार होतं.

हा आकडाही सुरुवातीचा अंदाज. पिल्लापिल्लात पाव हिस्सा इकडेतिकडे सहज होतो, म्हणून खरा निकाल हाताचा. मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर फार बारीक. हात सपाट धरून मागच्या बाजूने, पंजाच्या हाडांवरून बोटं फिरवा: असं लागायला हवं. तळव्यासारखं लागलं तर जाड. वरून बघितल्यावर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे, बाजूने पोट वर चढलेलं. डॉक्टरांच्या 1 ते 9 च्या मोजपट्टीवर हे 4 येतं. शेजारीपाजारी ‘याला खायला देत नाही का?’ म्हणायला लागले की बहुधा बरोबर चाललंय.

दर रविवारी वजन करा. पिल्लाला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकटं, वजाबाकी. वॉल्थम या पाळीव प्राण्यांवरच्या संशोधनसंस्थेचे वाढीचे तक्ते फुकट मिळतात, नर-मादी वेगळे, मोठेपणी 40 किलोपर्यंत जाणाऱ्या कुत्र्यांसाठी. पिल्लाची रेघ तक्त्यातल्या एका रेघेला समांतर चालावी. ती ओलांडून वर जायला लागली की त्याच आठवड्यात दहा टक्के कपात. खाणं कपाने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये मोजा, कपात हलवून भरलं की सहज पंधरा-वीस टक्के जास्त बसतं. वाडगं वीस मिनिटांनी उचला.

चोरवाटा घरातल्याच असतात. वाटीभर, 200 मिली, म्हशीचं दूध म्हणजे 200 कॅलरी, आपल्या 16 किलोच्या पिल्लाच्या दिवसाच्या खाण्याचा जवळजवळ पाचवा भाग. तेल लावलेली पोळी शंभराच्या पुढे. चार-पाच ग्लुकोज बिस्किटं आणखी शंभर. आजोबा चहाबरोबर बिस्किट देतात ते बंद होत नाही हा अनुभव सार्वत्रिक आहे, तेव्हा सकाळीच त्या दिवसाच्या खाण्यातले पन्नास ग्रॅम दाणे एका डब्यात काढून आजोबांच्या हाती द्या आणि ‘बिस्किट’ तेच म्हणा.

कॅल्शियमच्या बाटलीचं काय

पिल्लाच्या पहिल्या भेटीत कॅल्शियमचं सिरप लिहून देण्याची पद्धत अजून गेलेली नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं संपूर्ण खाणं चालू असेल तर ही बाटली नको. साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला नको असलेलं कॅल्शियम आतड्यात अडवता येत नाही. जितकं पोटात जातं त्यातलं बरंचसं रक्तात उतरतं, हाडांची घडण बिघडते, कूर्चेचं हाड व्हायला उशीर होतो. ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे स्पष्ट दाखवलं गेलंय. पाकिटावर बघायचं ते असं: 1000 कॅलरीमागे कॅल्शियम 3 ग्रॅमच्या आसपास, 4.5 ग्रॅमच्या वर नाही.

उलट टोकही तितकंच वाईट. चिकन-भातावर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम जवळजवळ मिळतच नाही, बोनलेस मांसात फॉस्फरस मात्र कितीतरी पट जास्त. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात, उडीत मोडतात. तिथे कॅल्शियम घालावंच लागतं, पण मोजून. अंड्याच्या कवचाच्या बारीक पुडीत अडतीस टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, सपाट चमच्यात साधारण दोन ग्रॅम. तरी जस्त, तांबं, आयोडीन राहतातच. माझं स्पष्ट मत: मोठ्या जातीचं पिल्लू पहिलं वर्षभर लार्ज ब्रीड पपीच्या तयार खाण्यावर ठेवा. घरचंच द्यायचं असेल तर पाककृती पशुपोषणतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या.

प्रोटीन जास्त झालं की सांधे बिघडतात हा समज जुना आणि चुकीचा. त्यापोटी पिल्लाला मोठ्यांच्या खाण्यावर आणू नका. ग्लुकोसामाइन पिल्लाला दिल्याने डिस्प्लेशिया टळतो असा पुरावा नाही.

फरशी, जिना, माती

नॉर्वेत चार मोठ्या जातींची पिल्लं जन्मापासून पाहिली गेली, त्यात लॅब्रॅडॉरही होते. तीन महिन्यांच्या आत रोज जिना चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत डिस्प्लेशिया जास्त, आणि त्याच वयात मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं बागडणाऱ्यांत कमी. अर्थ सरळ आहे. मोकळ्या मातीवर पिल्लू पळतं, थांबतं, बसतं, मांड्यांचे स्नायू भरतात, आणि सैल सांध्याला धरून ठेवणारे स्नायूच असतात. कोंडून ठेवणं हा उपाय नाही.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत तीन महिन्यांपर्यंत पिल्लू उचलूनच न्या. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, मागचे पाय लोंबकळू न देता. पुढच्या पायांना धरून उचलू नका. नंतर अंगावर हार्नेस, छोटी दोरी, एकेक पायरी, पळत नाही.

खरी अडचण घरातली फरशी. व्हिट्रिफाइड टाइल, मार्बल, पॉलिश केलेला कोटा, सगळ्यांवर मागचे पाय बाहेर फाकतात, आणि फाकताना गोळा नेमका वाटीच्या कडेकडे जातो. जुन्या घरातली खडबडीत शहाबादी कितीतरी बरी. सगळं घर झाकायची गरज नाही. पिल्लू जिथे वळतं, वेग घेतं, उठतं-बसतं ती वाट झाका: दारापासून वाडग्यापर्यंत, सोफ्याभोवती, झोपायच्या जागेजवळ. गोणपाट, काथ्याचं पायपुसणं, रबर मॅट चालतं. सतरंजीखाली न घसरणारी जाळी हवीच. प्लास्टिकची चटई घसरते. लहान मुलांच्या फोमच्या जोडचटया पकड देतात, पण दात येणारं पिल्लू तुकडे गिळतं, मग पोटाचं ऑपरेशन. दोन-तीन आठवड्यांनी नखं कापा आणि पंजाच्या गादीमधले केस छाटा. टाइलवर टकटक आवाज येतोय म्हणजे नखं लांब झालीत आणि गादी जमिनीला पुरती टेकत नाही.

माती हवी तर पार्व्होचं काय, हा प्रश्न आपल्याकडे खराच आहे. लसीकरण 16 आठवड्यांपर्यंत चालतं आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा सोसायटीची बाग किंवा रस्त्याकडेचं मैदान त्याआधी नाही. लस पूर्ण झालेली कुत्री असलेलं ओळखीच्यांचं बंदिस्त अंगण किंवा शेतघर मिळालं तर सोनं. नाही मिळालं तर घरातच जुनी गादी, त्याखाली गुंडाळलेल्या गोधड्या, उशा, असा उंचवटा करा आणि त्यावर दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं खेळवा. बावळटपणा वाटतो, काम करतं.

‘वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं’ हा फिरवण्याचा नियम सगळीकडे ऐकू येतो. त्यामागे संशोधन नाही. बघायचं ते वेगळं: पिल्लाला थांबायची मुभा आहे का? दोरीला बांधून जॉगिंग, स्कूटरमागे पळवणं, गच्चीवर चेंडू फेकून पन्नास वेळा करकचून थांबायला लावणं, यात ती मुभा नसते. चेंडू-काठीमागे पळवणं हा स्वीडनमधल्या लॅब्रॅडॉरच्या अभ्यासात धोक्याचा घटक म्हणून दिसला होता. चेंडू आवडतोच तर गवतात लपवा, वासाने शोधू द्या. गाडीतून आणि सोफ्यावरून उडी दीड वर्षापर्यंत नाही. जूनपासून पुढे फिरणं घटतं, त्या आठवड्यांत खाणंही घटवा.

चौथा महिना

चौदा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान एकदा भूल देऊन खुबे तपासून घ्या, विशेषतः आईबापांचे कागद नसतील तर. ऑर्टोलानी चाचणीत डॉक्टर मांडी दाबून गोळा वाटीबाहेर सरकवतात आणि मग पाय बाहेर नेताना तो ‘टक्‌’ करून परत बसतो का ते बघतात. जाग्या पिल्लाचे स्नायू हे होऊच देत नाहीत, त्यामुळे भुलीशिवाय ‘नॉर्मल आहे’ याला अर्थ नाही. पेनहिप पद्धत सैलपणा आकड्यात सांगते, 16 आठवड्यांपासून: 0.3 किंवा कमी म्हणजे घट्ट, 0.7 च्या पुढे धोका मोठा. तिला खास उपकरण आणि प्रशिक्षित डॉक्टर लागतात.

याच वयाचा आग्रह कशाला? कारण कमरेच्या हाडाचा खालचा सांधा वेळेआधी बंद करून वाट्या गोळ्यांवर झुकवण्याची एक छोटी शस्त्रक्रिया आहे, जेपीएस. ती 20 आठवड्यांनंतर जवळपास निरुपयोगी. ती केली तर नसबंदीही करायची, नाहीतर सुधारलेले खुबे दाखवून सदोष वारसा पुढे विकला जातो. यानंतर दहाएक महिन्यांपर्यंत, संधिवात सुरू झालेला नसेल तर, हाड कापून वाटी फिरवण्याचा मार्ग उरतो. तोही गेला की गोळा काढणं किंवा कृत्रिम सांधा.

घरी बघायच्या खुणा: पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकणं, चालताना ढुंगण डुलणं, उठताना पुढच्या पायांनी स्वतःला ओढणं, खेळून झोपल्यावर ताठरणं. वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास लंगडणं अनेकदा आपोआप कमी होतं, कारण सांध्याची पिशवी जाड होते. मालकाला वाटतं तेल लागू पडलं. आणि प्रत्येक लंगडणं खुब्याचं नसतं. आपल्याकडे गोचीड तापातही सांधे धरतात, गुडघ्याचा बंध तुटलेली लॅब्रॅडॉर ‘हिप’ म्हणून महिनोन्‌महिने औषध खात राहतात. दुखतंय म्हणून घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन कधीच नाही: कुत्र्यात पोटातला रक्तस्राव आणि मूत्रपिंड निकामी होणं यासाठी फार डोस लागत नाही.

नसबंदीची घाई नको. गोल्डन रिट्रीव्हरच्या नरांत वर्षाच्या आत नसबंदी केली तर डिस्प्लेशियाचं प्रमाण दुप्पट दिसलं, साधारण पाचाऐवजी दहा टक्के. मोठ्या जातीत वर्ष उलटू द्या.

मग दोन वर्षांचा एक्स-रे. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय असो की गल्लीतला दवाखाना, फिल्म नीट आहे का ते तुम्हीही बघू शकता: दोन्ही मांड्या एकमेकींना समांतर, गुडघ्याच्या वाट्या मधोमध, कमरेच्या हाडातली दोन्ही भोकं सारख्या आकाराची. भोकं लहानमोठी दिसली तर कुत्रं तिरकं झोपलंय, एक खुबा उगाच चांगला आणि दुसरा उगाच वाईट दिसणार. पुन्हा काढायला सांगा. प्रत डी आली तर त्याची पिल्लं घ्यायची नाहीत. निकाल काहीही आला तरी फिल्मचा फोटो, नोंदणी क्रमांक आणि वय ब्रीडरला पाठवा. चांगला आला असला तरी, कारण ती मादी पुन्हा लावायची की नाही हे ठरवायला त्याच्याकडे भावंडांच्या एक्स-रेइतकं उपयोगी दुसरं काही नसतं, आणि ते आपणहून कुणी पाठवत नाही.